लग्नानंतरचं पहिलं रिटर्न

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

लग्न डिसेंबरात झालं, तेव्हा २०२५ चं रिटर्न 'सिंगल' म्हणूनच भरते, असं तू फोनवर म्हणालीस. तसं चालत नाही. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, फक्त ३१ डिसेंबरला तुझी स्थिती काय होती ते बघतं. त्या दिवशी तू विवाहित होतीस, म्हणजे अख्ख्या वर्षासाठी विवाहित. लग्न पुण्यात लागलं, अनिकेत अजून इथेच आहे, त्याचा व्हिसा यायचाय, याने काही बदलत नाही. तुझ्यापुढे दोनच पर्याय आहेत: जॉइंट, म्हणजे नवराबायकोचं मिळून एक रिटर्न, किंवा सेपरेट, म्हणजे तुझं वेगळं.

'हेड ऑफ हाउसहोल्ड', म्हणजे कुटुंबप्रमुख म्हणून भर, असा सल्ला ऑफिसात कोणीतरी देईलच. त्यासाठी पदरी मूल किंवा नियमात बसणारा नातेवाईक लागतो. नवरा त्यात मोजत नाहीत. आणि आम्हा दोघांना तू कितीही पैसे पाठवलेस तरी भारतात राहणारे भारतीय आईबाप डिपेंडंट दाखवता येत नाहीत.

आता आकडे बघ. समजा तुझा पगार १,००,००० डॉलर. सेपरेट भरलंस तर स्टँडर्ड डिडक्शन १५,७५०, म्हणजे ८४,२५० वर कर, तो होतो १३,४४९. अनिकेतचा जानेवारी ते डिसेंबरचा पगार समज २०,००० डॉलरइतका. जॉइंटमध्ये दोघांचे मिळून १,२०,०००, त्यातून ३१,५०० वजा, उरले ८८,५००, आणि कर १०,१४३. म्हणजे त्याचा पगार मिळवूनही ३,३०६ डॉलर कमी. शिवाय त्याने भारतात भरलेल्या आयकराचं क्रेडिट फॉर्म १११६ वर मिळू शकतं, ते वेगळंच. एकाची कमाई मोठी नि दुसऱ्याची लहान असली की जॉइंटचा फायदा असाच दिसतो. दोघांची सारखी असेल तर फरक जवळपास मिटतो.

पण त्याची किंमत आहे. अनिकेत करापुरता वर्षभर अमेरिकेचा रहिवासी ठरतो आणि त्याची जगभरची मिळकत रिटर्नमध्ये येते. एफडीचं व्याज तर येतंच. पीपीएफचं व्याज, जे इथे करमुक्त आहे, तेही सहसा तिथे मिळकतच धरतात. माझी खरी काळजी त्याच्या एसआयपीची आहे. भारतातले म्युच्युअल फंड आयआरएसच्या लेखी 'पीएफआयसी', म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपन्या, असतात. ते विकले की नफ्यावर चढ्या दराने कर आणि वर व्याज लागू शकतं, आणि प्रत्येक फंडाला वेगळा फॉर्म ८६२१. जॉइंट रिटर्नवर असे सगळे फंड मिळून ५०,००० डॉलरच्या आत असतील आणि त्या वर्षी काही विकलं नसेल, लाभांशही आला नसेल, तर बहुधा त्या फॉर्ममधून सुटका होते. रक्कम मोठी असेल तर आधी त्या फंडांचा हिशेब कर, मग जॉइंटचं ठरव. वाचलेले ३,३०६ डॉलर तिथे सहज जातील.

जॉइंट ठरलं तर एक निवेदन जोडावं लागतं: वर्षाअखेरी एक जण रहिवासी नव्हता, दुसरी होती, आणि दोघांनी मिळून अख्ख्या वर्षासाठी रहिवासी मानलं जाण्याचा पर्याय घेतला आहे. खाली दोघांची नावं, पत्ते, करासाठीचे ओळख नंबर आणि सह्या. ही निवड पुढच्या वर्षांनाही लागू राहते, आणि एकदा मोडली की तुम्हा दोघांना पुन्हा घेता येत नाही.

अनिकेतला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून आयटीआयएन, म्हणजे आयआरएस फक्त करासाठी देतं तो नंबर, लागेल. त्याच्या अर्जाचा डब्ल्यू-७ फॉर्म रिटर्नलाच जोडून टपालाने पाठवायचा. घोटाळा होतो तो पासपोर्टच्या प्रतीत. आपल्याकडच्या नोटरीचा शिक्का तिथे चालत नाही. मूळ पासपोर्ट, किंवा तो देणाऱ्या कार्यालयानेच प्रमाणित केलेली प्रत लागते. आयआरएसने मान्यता दिलेला एजंट पासपोर्ट तपासून परत देतो, तो मार्ग धर. व्हिसाच्या तोंडावर मूळ पासपोर्ट टपालात घालू नये. नंबर यायला हंगामात नऊ ते अकरा आठवडे जातात.

१५ एप्रिलपर्यंत कागद जमले नाहीत तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घे. ती मुदत रिटर्नची, पैशांची नाही. पण तुझा कर वर्षभर सिंगलच्या दराने कापला गेलाय, तेव्हा बाकी बहुधा निघणार नाही. सेपरेट भरलेलं रिटर्न पुढे तीन वर्षांत १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून जॉइंट करता येतं. उलटं मात्र अंतिम तारखेनंतर जमत नाही.

आणि जॉइंटवर सही करणं म्हणजे पूर्ण कराची जबाबदारी प्रत्येकाने घेणं. त्याचे आकडे चुकले तर नोटीस तुलाही येईल. त्याची कागदपत्रं स्वतः वाचल्याशिवाय सही करू नकोस, जावई कितीही गुणी असला तरी.

त्याला नोकरी लागली की दोघांनी डब्ल्यू-४ वर, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला सांगणाऱ्या फॉर्मवर, दुसऱ्या पायरीतल्या चौकटीत खूण करा. नाहीतर दोन्हीकडे घरात एकच कमावतो असं धरून कर कमी कापतात आणि एप्रिलमध्ये हजारो भरावे लागतात.

अनिकेतला आजच कळव: फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा असतो, तिथे वर्ष जानेवारी ते डिसेंबर. म्हणून बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, एफडीचे आणि पीपीएफचे उतारे आणि प्रत्येक फंडाचं ३१ डिसेंबरचं मूल्य काढून ठेवायला सांग.

तुझी आई