झाडीपट्टीतील कलावंतांना काम करायला जागा द्या: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात, नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव निघतात. झाडीपट्टीचे नट श्री. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या रंगभूमीचा यथोचित गौरव झाला. तिचे पडदे रंगवणारा चित्रकार मात्र आजही घरच्या ओसरीवर, नाहीतर कुणाच्या धानाच्या गोदामात कापड पसरून काम करतो.

ब्रह्मपुरी तालुक्यातील आम्ही काही जणांनी बंद पडलेल्या धानगिरणीचे शेड भाड्याने घेऊन एकत्र काम सुरू केले आहे. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचे काम गेलेले पेंटर, नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून शिकून गावी परतलेली मुले आणि कान्होबा, गणपती, शारदेच्या मूर्ती घडवणारे कुंभार तेथे येतात. चौकटी आखून भल्यामोठ्या पडद्यावर प्रमाण कसे साधायचे, हे पेंटरांनी मुलांना शिकवले. मुलांनी त्यांना लाकडी ठशावरून छापे काढून दाखवले. घरोघरी एकेकट्याने बसून हे घडले नसते.

अडचण साधनांची आहे. कुंभाराचा आवा साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापतो, तर टिकाऊ स्टोनवेअरला (कडक भाजलेल्या, पाणी न झिरपणाऱ्या मातीकामाला) सुमारे १,२०० अंशांची भट्टी लागते. अशी भट्टी किंवा छपाईचा प्रेस एकट्याला परवडत नाही; दहाजणांत मिळून तो वापरता येतो. ललित कला अकादमीने १९७६ मध्ये दिल्लीत सुरू केलेले गढी स्टुडिओ याच तत्त्वावर चालतात. भोपाळचे भारत भवन १९८२ मध्ये उभे राहिले, त्यात कार्यशाळाही होत्या, आणि मध्य प्रदेशातील पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांना कागद, रंग व छपाईची साधने हाताशी मिळाल्यावर गोंड चित्रकलेची एक नवी धारा निर्माण झाली. ही दोन्ही केंद्रे राजधान्यांतली आहेत. आमची मागणी तालुक्यापुरती आहे.

आम्हाला नवे सांस्कृतिक भवन नको. उद्घाटनानंतर कुलूप लागलेली भवने आम्ही पाहिली आहेत. वापरात नसलेली एखादी शाळेची इमारत किंवा शासकीय गोदाम नाममात्र भाड्याने, दीर्घ मुदतीच्या कराराने द्यावे, तेथे थ्री-फेज वीजजोडणी, एक भट्टी आणि एक प्रेस असावा, आणि रोजचा कारभार तेथे काम करणाऱ्यांच्या समितीकडे राहावा. शाळांच्या इमारती जिल्हा परिषदेकडे, कला संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे आणि कलावंत आपल्या खात्याकडे अशी वाटणी असल्याने आमचा अर्ज नेमका कोणत्या टेबलावर थांबेल, हे सांगणे कठीण आहे. म्हणून या तिन्हींची एकत्र बैठक आपणच बोलवावी, अशी विनंती आहे.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल, तेव्हा ही बैठक ब्रह्मपुरीत घेता येईल. आमचे शेडही पाहता येईल, आणि तेव्हा नाटकांचा हंगामही सुरू असेल.

आपले नम्र,
ब्रह्मपुरी परिसरातील चित्रकार व मूर्तिकार