मेडलवर फासलेला रंग काढावा का?

संपादक साहेब, नमस्कार. पणजोबांचं लष्करी मेडल आमच्याकडे आहे, मागे कुणीतरी प्रेमापोटीच त्यावर ऑइलपेंट फासला, लाल निळा सगळा कडेबाहेर गेलेला, आणि आता घरात वाद चालूय की ते परत नवं करून घ्यायचं की तसंच ठेवायचं. माझं मत स्पष्ट आहे, वरचा पेंट काढावा पण नवीन काही लावू नये. जुन्या मेडलवरचा रंग म्हणजे बऱ्याचदा मीनाकाम, म्हणजे 700-800 अंशाला धातूवर वितळवलेली काच, तिला अ‍ॅसिटोनने (रंग विरघळवणारं एक द्रावण) काही होत नाही, ऑइलपेंट मात्र मऊ होऊन निघतो. पण खाली काच नसून जुना मूळ रंगच असेल तर तोही जाईल, म्हणून आधी भिंगाखाली बघायचं, रिबन काढून ठेवायची आणि कोपऱ्यात कापसाच्या काडीने थोडंसंच ट्राय करायचं. तारेचा ब्रश, पॉलिश अजिबात नको, बऱ्याच मेडलांच्या कडेवर सैनिकाचं नाव नंबर कोरलेला असतो, तोच घासून जातो हो! कुठे टवका उडालेला असेल तर राहू द्या, तो कदाचित त्यांच्या छातीवर असतानाच उडाला असेल. म्युझियमचं काम करणाऱ्या जाणकाराला आधी दाखवता आलं तर उत्तमच.

- एक वाचक