आजीच्या पलंगाची गिटार

कोल्हापूर
६ एप्रिल

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. पेपर तपासून झाले की दीड महिना मोकळा आहेस, ओवी मोबाईलमधून मान वर काढत नाही, तिला कुठल्या शिबिरात घालू असं विचारलंयस. शिबिरांचं मला काही कळत नाही रे. पण सुट्टीचं एक काम माझ्याकडं तयार आहे. तुम्ही दोघं इकडं या, आपण गिटार करू. विकत आणायची नाही, लाकडापासून करायची, मी गेल्या वर्षी केली तशी.

आजीचा शिसवी पलंग आठवतो का? मधल्या खोलीतला. दुपारभर त्यावर पालथं पडून आपण पत्ते खेळायचो आणि आजी खाली चटईवर कुरडयांचा चीक हाटत बसलेली असायची. घर पाडायला काढलं तेव्हा तो पलंग कुणालाच नको होता. अखंड तर दारातून बाहेरही निघेना. कापायचाच आहे तर मला द्या, असं मी म्हटलं आणि टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत नेऊन त्याच्या बाजूपट्ट्या आणि उशाकडची फळी चिरून घेतली. वरचं काळपट पॉलिश गेल्यावर आत जांभळट तपकिरी रेषा निघाल्या. करवतीखालून असा वास सुटला, की वखारीतला हमालसुद्धा थांबून बघायला लागला.

हे लाकूड साधं नाही. आपल्या घाटातला हा शिसव जगभरचे गिटारवाले मागवतात. ब्राझीलचा शिसव मिळेनासा झाला तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९६९ मध्ये आपल्या शिसवाकडं मोर्चा वळवला. आता तो आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. म्हणून नवा तोडण्यापेक्षा मोडक्या पलंगातला वापरलेला मला जास्त बरा वाटतो.

उद्यमनगरात आमच्या शेडला लागून एक मेस्त्री ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचे नमुने, करतात. चाळीस वर्षं हेच काम. ओतलेलं लोखंड गार होताना शेकडा एकाच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यांच्या हाताला अर्ध्या मिलिमीटरची सवय आहे ती अशी. गिटार त्यांनी कधी केली नव्हती. मी नकाशा नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हुतंय की. त्यात काय!"

पुढची फळी, म्हणजे जिच्यावर आवाजाची सगळी भिस्त, ती शिसवाची चालत नाही. तिला हलकं आणि ताठ लाकूड लागतं. थंड मुलखात सावकाश वाढलेला स्प्रूस मी मागवला. एकाच फळीचे दोन पातळ काप पुस्तक उघडावं तसे उघडून मधोमध चिकटवतात, म्हणजे दोन्हीकडच्या रेषा एकमेकींचं प्रतिबिंब दिसतात. मग रंधा मारत मारत ती अडीच मिलिमीटरवर आणायची. दर थोड्या वेळानं कडेला दोन बोटांत धरून टिचकी मारायची. जाड असताना नुसतं ठक वाजतं. एका क्षणी त्यातून घुमारा यायला लागतो. तो पहिल्यांदा आला तेव्हा मेस्त्रींनी लेथवाल्या पोरांना मशीन बंद करायला लावली आणि सगळ्यांना ऐकवला.

स्पेनमध्ये आंतोनियो दे तोर्रेस म्हणून कारागीर होऊन गेला, १८१७ चा जन्म, मूळचा सुतार. आजची नायलॉन तारांची गिटार त्याच्या मापानं होते. पुढच्या फळीच्या आतून पंख्यासारख्या सात बारीक पट्ट्या लावायची त्याची पद्धत आम्हीही वापरली. आवाज पुढच्या फळीतच असतो हे पटवून देण्यासाठी त्यानं १८६२ मध्ये एक गिटार अशी केली, की तिची पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या होत्या! बार्सिलोनाच्या संग्रहालयात ती अजून आहे. हे वाचलं आणि मी दोन दिवस खट्टू होतो, की मग आजीच्या शिसवाचं काय? पण हातात घेतल्यावर जे अंगाला टेकतं ते शिसवच असतं. मला तेवढं पुरे आहे.

कडा वाकवणं हा सगळ्यात देखणा भाग. दोन मिलिमीटर जाडीची, हातभराहून लांब पट्टी. व्हाइसमध्ये जीआय पाइपचा तुकडा आडवा धरायचा आणि आतून गॅसची बत्ती लावायची. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत उडाला, की पाइप तयार. ओली पट्टी त्यावर ठेवून हलकेच पुढं-मागं करायची. चर्र आवाज, वाफ, आणि गोडसर, गुलाबासारखा वास. मी जोर लावायला गेलो की मेस्त्री म्हणायचे, "अजून तापलं न्हाई. थांब की जरा." पहिली पट्टी मी कमरेच्या बाकाला काडकन मोडली. दुसरीला मात्र थांबलो. एकदम ती हाताखाली ढिली पडली, ओल्या चामड्यासारखी, आणि आपणहून पाइपाला लपेटली. ओवीला हे दाखवायचंच आहे.

फ्रेटचं, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचं, गणित तू तिला घरीच शिकव. तार ६५० मिलिमीटरची. तिला १७.८१७ नं भागायचं, ३६.४८ येतात, गळ्याकडच्या टोकापासून तेवढ्यावर पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ नं भाग, ३४.४३, पहिल्यापासून तेवढ्यावर दुसरा. असं करत गेलं की बारावा बरोबर मधोमध, ३२५ वर येतो आणि तिथं वरच्या सप्तकातला सा वाजतो. त्याआधी एका फळीवर दोन खिळे ठोकून एक तार ताणा. खाली पट्टीचे दोन तुकडे सरकवून तार उचलून धरा आणि तिच्या कानानं शोधू दे. दोन तृतीयांश लांबीला पंचम, तीन चतुर्थांशला मध्यम. एक दुपार सहज जाते.

मला स्वतःला जे समजलं ते मात्र मिरजेत. फ्रेट बसवायच्या आधी मेस्त्रींना घेऊन तिथल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत गेलो होतो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून हा धंदा उभा राहिला. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एक म्हातारे कारागीर जवारी लावत होते, म्हणजे घोडी घासून तारेला झंकार आणत होते. घोडीवर कानस फिरवायची, तारेखाली सूत सरकवायचं, ऐकायचं, परत कानस. अर्धा तास चाललं असेल. मग अचानक खर्जाच्या तारेतून, गंधाराची वेगळी तार नसताना, गंधार उमटला. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच, हे पुस्तकात वाचलं होतं. कानानं पहिल्यांदा कळलं. घरी येऊन हिशेब केला. शुद्ध गंधाराला ६५० ची तार ५२० उरेल तिथं दाबायला हवी. गिटारच्या चौथ्या फ्रेटला ती ५१५.९ उरते. चार मिलिमीटर चढा! कुठल्याही पट्टीतून वाजवता यावं म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग केले, त्याची ही किंमत. पंचमात मात्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. तेव्हापासून गिटारवर गंधार लागला की माझा हात क्षणभर थबकतो.

आता घाई करायला का सांगतोय ते. गेल्या वर्षी पाठ चिकटवायला मी मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत रेंगाळलो. वळीव रोज संध्याकाळी झोडपत होता, शेडमध्ये लाकूड ओल धरून बसलेलं. मेस्त्री म्हणाले, आठ दिवस आत कोरड्यात ठेव, मग चिकटव. माझी रजा संपत होती म्हणून मी ऐकलं नाही. लाकूड लांबीत बदलत नाही, रुंदीत फुगतं आणि आकसतं. आतल्या आडव्या पट्ट्या पाठीला रुंदीतच धरून ठेवतात. परवा मार्चमध्ये हवा कोरडी पडली, पाठ आकसायला लागली, पट्ट्या सोडेनात. रात्री टिक् असा आवाज आला. सकाळी पाठीवर वीतभर चीर. ती जागा आजीच्या उशाच्या फळीतली आहे. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मेस्त्री एक शब्द बोलले नाहीत. ओला स्पंज आत ठेवून दोन दिवसांत चीर मिटवली, सरस भरला, आतून आडव्या चकत्या चिकटवल्या. आवाजाला काही झालं नाही. चीर दिसते.

म्हणून या महिन्याच्या २० तारखेच्या आत या. वळीव सुरू व्हायच्या आधी आतल्या पट्ट्या आणि पाठ चिकटवून झाली पाहिजे. मग मेमध्ये पाऊस आला तरी गळ्याचं आणि घासकामाचं काम चालू राहील. दिवसाला तीन तास पुष्कळ झाले. उरलेल्या वेळाचं आपण बघू. पहाटे पन्हाळा चढू, ओवीला मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवू (आपल्याला पाठीवर डबा बांधून ढकललं होतं तसं नको, पायऱ्यांवरून), रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. देवल क्लबात गाण्याची एखादी बैठक असली तर तीही ऐकू.

पलंगाची उरलेली फळी आणि दोन बाजूपट्ट्या मी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात. एका गिटारीपुरतं लाकूड नेमकं आहे. ओवीचा हात लहान आहे, म्हणून तार ६५० ऐवजी ५८० ची धरू या का? फ्रेटचे आकडे तिलाच काढू दे आणि कागद सोबत घेऊन या. मेस्त्री तपासणार आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
विनय