न झालेल्या कामाची नोंद

वाई, दि. 3 ऑगस्ट 2025

चि. सुजय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सांगितलेस, की एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधाचा विषय महिनाअखेरपर्यंत द्यायचा आहे आणि मधुमेहाच्या रुग्णांना पायाच्या निगेविषयी असलेल्या ज्ञानावर संरचित शिक्षण कार्यक्रमाचा काय परिणाम होतो, हा विषय तू जवळजवळ नक्की केला आहेस. 60 रुग्ण, आधी एक प्रश्नावली, तासाभराचे शिकवणे आणि सातव्या दिवशी पुन्हा तीच प्रश्नावली. मी ‘बरं’ म्हणाले, पण ते मनापासून नव्हते, आणि मनात एक ठेवून तुला दुसरे सांगावे हे मला रुचत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तो विषय वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. मधुमेहामुळे पाय गमावलेली माणसे मी सर्जिकल वॉर्डात पुष्कळ पाहिली आहेत. परंतु माणसाला तासभर शिकवले, तर सात दिवसांनी त्याला त्या विषयातले थोडे अधिक येते, हे प्रबंध लिहिण्याआधीच आपल्याला ठाऊक असते. रुग्णाचे नाव आणि आजार बदलून हाच अभ्यास आपल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे होत आला आहे, आणि मार्गदर्शकांनाही तो सोयीचा वाटतो, कारण त्याला परवानगी लवकर मिळते, कोणी दुखावत नाही आणि वेळेत पूर्ण होतो. तू आठ वर्षे वॉर्डात काम करून मग शिकायला गेला आहेस. जे प्रश्न तुला रात्रपाळीत पडले, ते सोडून हा प्रश्न तू का घ्यावास, असे मला वाटते.

तुला कधीही न सांगितलेली एक गोष्ट आता सांगते. 1994 साली मी स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डात होते. मंजूर खाटा 40, आणि पावसाळ्यात जमिनीवरच्या गाद्या धरून रुग्ण 70 च्या आसपास. रात्री मी एकटी, सोबतीला दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आणि एक मावशी. अर्धांगवायू झालेली एक आजी कोपऱ्यातल्या खाटेवर होती, तिच्यासोबत कोणी नातेवाईक नव्हते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला बॅक केअर द्यायची आणि तक्त्यावर सही करायची, असा नियम होता. त्या रात्री दोन अत्यवस्थ रुग्ण एकामागोमाग आले, एक मृत्यू झाला, त्याचे कागद झाले, सलाइन्स बदलणे झाले, आणि पहाटे पाच वाजता मी तक्ते भरायला बसले तेव्हा दहा, बारा, दोन, चार या चारही रकान्यांत ‘कूस बदलली’ असे लिहून सही केली. खरी त्यातली पहिलीच होती. पुढच्याही रात्री थोड्याफार फरकाने तशाच गेल्या आणि चौथ्या दिवशी आजीच्या माकडहाडावरची कातडी फाटली.

डॉक्टरांनी राउंडला तक्ता मागवला. तक्ता संपूर्ण भरलेला होता. कूस वेळेवर बदलली जात होती, तरी बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) झाला, म्हणजे रुग्णाचे वय आणि कुपोषण हेच कारण असणार, असे ठरले आणि विषय संपला. मला कोणी एक शब्दही बोलले नाही. आजी पुढे तीन आठवडे जगली. त्या जखमेचे ड्रेसिंग मी रोज स्वतः केले, आणि जे केले नव्हते त्याची भरपाई त्याने होत नाही हेही रोज कळत होते.

मी खोटे लिहिले, ही माझी चूक होती आणि ती मी कोणावर ढकलत नाही. परंतु त्या चुकीचा दुसरा परिणाम मला बऱ्याच वर्षांनी उमगला. एक सिस्टर 70 रुग्णांची सगळी शुश्रूषा वेळच्या वेळी करू शकते, असा पुरावा मी स्वतःच्या सहीनिशी तयार करून ठेवला होता. अधिक पदे मागणारे पत्र मेट्रननी, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुख परिचारिकेने, वर पाठवले असते आणि कोणी आमच्या वॉर्डाचे तक्ते तपासले असते, तर त्याला तिथे काहीच कमी दिसले नसते. आपल्या व्यवसायात न झालेले काम कागदावर उमटतच नाही, आणि जे कागदावर नाही त्यासाठी पदनिर्मिती होत नाही.

न झालेल्या शुश्रूषेवर अभ्यास झाला आहे, हे मला निवृत्तीच्या आधी एका कार्यशाळेत कळले. अमेरिकेतील परिचर्या संशोधक बिॲट्रिस कॅलिश यांनी 2006 मध्ये परिचारिकांच्या गटांशी बोलून, कोणती कामे नेहमी राहून जातात, याचा शोध घेतला. रुग्णाला चालवणे, कूस बदलणे, वेळेवर भरवणे, घरी जाताना काय काळजी घ्यायची ते समजावणे, मानसिक आधार देणे, अंगाची व तोंडाची स्वच्छता, घेतलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद, आणि रुग्णावर लक्ष ठेवणे. ती यादी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तो कोपरा आला. इंजेक्शन राहत नाही, कारण त्याची ऑर्डर डॉक्टरांची असते आणि त्याची विचारणा होते. राहते ते नेमके आपल्या व्यवसायाचे स्वतःचे काम. पुढे कॅलिश यांनी यावर मोजमापाची प्रश्नावली तयार केली आणि अनेक देशांत ती वापरली गेली.

याच्या जोडीला अमेरिकेतीलच संशोधक लिंडा एकेन यांचे काम तू वर्गात वाचले असशील. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातील 168 रुग्णालये आणि शस्त्रक्रिया झालेले 2 लाख 32 हजारांहून अधिक रुग्ण होते. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. युरोपातील नऊ देशांच्या 2014 मधील अभ्यासातही तोच 7 टक्क्यांचा आकडा आला, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी अधिक असेल तिथे मृत्यूची शक्यता तितकीच कमी दिसली. मात्र एक काळजी घे. हे अभ्यास दोन गोष्टी सोबत आढळतात एवढे दाखवतात, आणि पेनसिल्व्हेनियातील त्या रुग्णालयांत एका परिचारिकेकडे साधारण चार ते आठ रुग्ण होते. 70 रुग्णांच्या आपल्या वॉर्डाला तो आकडा गुणून लावणे म्हणजे अंधारात दगड मारणे होईल. तसे कोणी भाषणात केले, तर त्याला टाळ्या मिळतील, पण हिशेबनीस माणूस पहिल्या प्रश्नातच ते खोडून काढील.

प्रमाणाच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका, शिवाय रजेवर जाणाऱ्यांच्या जागी 30 टक्के राखीव पदे, असे सांगितले जातात. कॅलिफोर्नियाचा कायदा 1999 मध्ये झाला आणि 2004 पासून लागू झाला. तिथे सर्वसाधारण वॉर्डात 2005 पासून पाचांमागे एक हे प्रमाण आहे. दोन्हीकडे पाचच दिसतात, म्हणून लोक म्हणतात की आपला निकष त्यांच्याइतकाच आहे. परंतु कॅलिफोर्नियातील पाच हे त्या क्षणी, त्या पाळीत, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा एका परिचारिकेकडे असलेले रुग्ण आहेत. आपल्याकडे हिशेब बहुधा पदांचा होतो. 60 खाटांना 12 पदे मंजूर झाली आणि त्यांतले एकही रिक्त नसले, तरी ती तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्या, रात्रपाळीनंतरची विश्रांती आणि बाळंतपणाच्या रजा यांत वाटली गेली, की रात्री दोघी उरतात. म्हणून तू पाळीगणिक मोज. किती वाजता, किती रुग्ण, प्रत्यक्ष हजर किती जणी. सर्व्हे मोठा नसला तरी चालेल, पण हा रकाना चुकवू नकोस.

परदेशी प्रश्नावलीत नसलेली आणखी एक गोष्ट आपल्याकडे आहे, ती म्हणजे नातेवाईक. आपल्या सरकारी वॉर्डात भरवणे, कूस बदलणे, संडासला नेणे, रात्री सलाइन संपले तर धावत येऊन सांगणे, हे सगळे सून, बहीण किंवा शेजारची बाई करते. त्यामुळे काम राहिले असे वाटत नाही, ते कोणीतरी केलेले असते, फक्त ते परिचारिकेने केलेले नसते. ज्याच्याजवळ कोणी नाही, त्याच्या अंगावर मात्र ती सगळी तूट एकदम उमटते. वॉर्डातल्या त्या आजीच्या शेजारच्या खाटेवरही अर्धांगवायूचीच बाई होती. तिची मुलगी उशाशी बसून राहायची, आणि तिला बेडसोर झाला नाही. सोबत माणूस असलेले आणि नसलेले, असे दोन गट करून तू न झालेली शुश्रूषा मोजलीस, तर तो आपल्या मातीतला प्रश्न होईल.

आपल्या परिचारिकांना हे काम येत नाही म्हणून ते राहते, असे कोणी म्हणाले, तर त्याला मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची आठवण दे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्या रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 42 वर्षे, तिथल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईला बेडसोर होऊ दिला नाही, ही गोष्ट 2011 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढेही आली. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या डॉक्टर मुलीच्या प्रकरणात राष्ट्रीय कृती दल नेमतानाही न्यायालयाने अरुणाताईंवरच्या हल्ल्याचा उल्लेख केला. केईएमच्या त्या परिचारिकांकडे पाहून मला अभिमान वाटतो, आणि लगेच हेही मनात येते की जो वेळ अरुणाताईंना मिळाला, तो प्रत्येक खाटेला देता यावा एवढी माणसे त्या बायांना कोणी दिलेली नाहीत.

वेतनाबद्दल आणि कंत्राटी भरतीबद्दल तुझी चीड मला ठाऊक आहे आणि ती योग्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान 20,000 रुपये मिळावेत, अशी शिफारस केली, आणि आज नऊ वर्षांनीही तुझे मित्र त्याहून कमी पैशांत रात्रपाळ्या करत आहेत. 2022 मध्ये खासगी एजन्सीमार्फत भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी संप केला, तेव्हा मीही बाहेर बसले होते. एक गृहस्थ थांबून म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही नसलात तर रुग्णांचे काय काय राहते, ते तरी सांगा.’ ते कुचेष्टेने बोलत नव्हते, त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते. आम्हाला सगळे माहीत होते, पण आमच्या वॉर्डाचा एकही आकडा आमच्याजवळ नव्हता. 2023 मध्ये 1947 च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा आला आहे. तिथे आपली बाजू मांडायला जे जातील, त्यांच्या हातात असे आकडे असावेत, ही माझी इच्छा आहे.

अडचणी येतील. परिचारिका खरे सांगणार नाहीत, कारण ‘कूस बदलली नाही’ असे लिहून देणे म्हणजे मेमो ओढवून घेणे, असे त्यांना वाटेल, आणि 1994 मध्ये मलाही तेच वाटले असते. म्हणून नाव, सही, कर्मचारी क्रमांक काहीही मागू नकोस. वॉर्डाचे नावही नको, फक्त प्रकार लिही. भरलेला कागद कुलूपबंद पेटीत पडू दे आणि पेटी परिसेविकेच्या (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरच्या) टेबलावर ठेवू नकोस. नैतिक समितीपुढे जाताना हे सगळे आधी लिहून ने. अधीक्षकांना भेटशील तेव्हा दोष शोधायला आलो नाही, हे पहिल्या वाक्यात सांग, आणि निष्कर्ष प्रथम त्यांना दाखवण्याचा शब्द देऊन तो पाळ. परवानगी नाकारली गेली, तर दुसऱ्या रुग्णालयात जा, पण विषय बदलू नकोस. मार्गदर्शक बाई नमुन्याची संख्या आणि सांख्यिकी चाचण्या सांगतील, त्यातले मला कळत नाही.

मला जमेल ते मी सुरू केले आहे. कामांच्या त्या यादीचे मराठी करून पाहत आहे, कारण इंग्रजी प्रश्नावलीतील शब्द आपल्या एएनएम आणि जुन्या जीएनएम, म्हणजे पदवी नसलेल्या, सिस्टर्सना परके वाटतात. ‘मानसिक आधार’ असे विचारले, तर सगळ्या होच म्हणतील. ‘आजच्या पाळीत कोणत्याही एका रुग्णाजवळ पाच मिनिटे बसून बोलता आले का?’ असे विचारले, तर खरे उत्तर येईल, असे वाटते. पहिले 14 प्रश्न झाले आहेत. माझ्यासोबत निवृत्त झालेल्या दोघी गुरुवारी घरी येणार आहेत, त्यांच्याकडून आधी भरून घेते आणि कुठे अडतात ते लिहून रविवारपर्यंत तुला पाठवते. तोवर बाईंना विषयाचे विचारून ठेव, आणि त्या काय म्हणाल्या ते त्याच दिवशी कळव.

तुझी
आई