साधी बाई नाही का कोणी?

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलायला लागलात आणि मला धड कोणालाच उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलेय. आईचं म्हणणं, "या कोरियन मालिकांतल्या बायका सगळ्या डॉक्टर नाहीतर वकील. साधी बाई नाही का कोणी?" आणि मागून बाबांचा आवाज, "अगं, सगळे सारखेच दिसतात, कोण कोणाची सून तेच कळत नाही!"

बाबांचं आधी निकालात काढते. पहिले दोन भाग गोंधळ उडतो, तिसऱ्यापासून उडत नाही. आणि दर रविवारी महाभारत बघायचात तेव्हा शंभर कौरवांतले दुर्योधन-दुःशासन सोडून तुम्हाला किती ओळखू यायचे हो?

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. 'डॉक्टर चा' ही मालिका संपवलीस आणि वर रागावून बसलीस, की हिने नवऱ्याला पहिल्याच भागात घराबाहेर का काढलं नाही. राग रास्त आहे. बाई शिकलेली डॉक्टर, संसारापायी रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पुढचं शिक्षण, सोडून वीस वर्षं घरात. नवरा बड्या हॉस्पिटलात सर्जन, त्याचं बाहेर प्रकरण, आणि हिला यकृत द्यायची वेळ आली तेव्हा सासू लेकाला पदराआड घेते. इतकं सगळं झाल्यावर बाई करते काय, तर सेहेचाळिसाव्या वर्षी त्याच हॉस्पिटलात पहिल्या वर्षाची शिकाऊ डॉक्टर म्हणून उभी राहते. पोटचा मुलगाही तिथेच शिकतोय. तू म्हणालीस, "यात कसली आली हिंमत?" मला वाटतं, त्यातच आली. नवऱ्याला हाकलणं दोन मिनिटांचं काम. निम्म्या वयाच्या सीनियर पोरांची बोलणी खात, रात्रपाळ्या करत, विसरलेलं पुन्हा पाठ करणं हे रोजचं. शेवटी घटस्फोट होतो, तो देखणा दुसरा डॉक्टर विचारतो, त्यालाही ती नाही म्हणते आणि स्वतःचं क्लिनिक काढते. मला खटकलं ते वेगळंच. नवऱ्याला इतका विनोदी करून ठेवलाय की त्याच्या वागण्याची चीड यायच्या जागी हसू येतं. असल्या माणसाला असं हसण्यावारी सोडायला नको होतं.

दिवाळीत घरी आले होते तेव्हा मी एक बघत होते. मालिका चालू असताना तू काजं करत असतेस, आणि पडद्यावर रडारड, भांडणं, प्रेम काहीही चालू असलं तरी तुझी मान वर होत नाही. कोणी काही कापायला, शिजवायला, शिवायला घेतलं की झाली वर. मग शेरा ठरलेला: "हिला काम येतं," नाहीतर "ही नुसती धरून बसलीये." इतकी वर्षं ब्लाउज शिवून तुझी नजर तशी झालीये. माझ्या मते कोरियन मालिकांतल्या बायका तोलायला हाच काटा बरोबर आहे. त्यांतल्या ज्या बायका मनात राहतात त्यांना काम येतं, आणि ते कसं आलं हेही आपल्याला दाखवलेलं असतं. ज्यांच्या तोंडी नुसती टाळ्यांची वाक्यं असतात त्या शेवटच्या भागानंतर आठवतही नाहीत.

याचा सगळ्यात पक्का नमुना म्हणजे २००३ साली सुरू झालेली 'ज्वेल इन द पॅलेस'. चौपन्न भाग आहेत. आपल्या दूरदर्शनवरही ती हिंदीत येऊन गेली, तेव्हा आपल्या घरी कोणाचं लक्ष गेलं नसावं. जोसन, म्हणजे जुन्या कोरियाच्या राज्यातल्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जांग-गुम नावाची लहान पोर दाखल होते. ली यंग-ए या नटीने मोठेपणीचं काम केलंय, पण मला बालपणीचे भाग जास्त आवडतात. तिला शिकवायला घेणाऱ्या हान बाई पहिल्या दिवशी एवढंच सांगतात, "पाणी आण." ती आणते. "पुन्हा आण." कोमट आणते, गार आणते, पाणी काही पसंत पडत नाही. शेवटी पोरीला सुचतं आणि ती उलट विचारते: पोट दुखतंय का, शौचाला साफ झालं का, घसा धरलाय का? घसा जरा धरलाय म्हटल्यावर कोमट पाण्यात चिमूट मीठ घालून आणते आणि सांगते, चहासारखं हळूहळू प्या. पाणी द्यायच्या आधी तिची आई असंच सगळं विचारायची. पाणीसुद्धा पिणाऱ्याकडे बघून द्यायचं, हा तिचा पहिला धडा. मला तर तू गिऱ्हाइकाला "जेवून आलात की उपाशी?" विचारून मग कंबरेला टेप लावतेस तेच आठवलं.

आणखी एक प्रसंग आहे. मुदपाकखान्याच्या मोठ्या बाई मुलींना मांसाचा एक पदार्थ चाखायला देतात आणि गोडी कशाची आहे ते ओळखायला सांगतात. बाकीच्यांना साखर वाटते. ही म्हणते पर्सिमन, म्हणजे ते टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ. कशावरून? तर, "पर्सिमनची चव लागली म्हणून पर्सिमन म्हटलं." पुढे काही काळ तिची चवच जाते, तेव्हा न चाखता मनातल्या मनात चव जुळवून तिला रांधावं लागतं. मग कटकारस्थानं, जेजू बेटावर गुलाम म्हणून रवानगी, तिथे वैद्यकी शिकणं, आणि राजवाड्यात वैद्यीण होऊन परतणं. हे सगळंच काही कल्पनेतलं नाही. राजा जुंगजोंगच्या काळच्या दरबारी नोंदींत जांग-गुम नावाच्या वैद्यिणीचा उल्लेख आहे, आणि राजाने आपल्या उपचारांत तिच्यावर भरवसा ठेवला म्हणून दरबाऱ्यांनी कुरकूर केल्याचंही. उल्लेख आहेत मोजके, त्यांवर चौपन्न भागांचा इमला चढवलाय.

यात मला गंमत वाटते ती काळाची. ही मालिका घरोघर बघितली जात होती तेव्हा दक्षिण कोरियाच्या कायद्यात कुटुंबाचा प्रमुख म्हणून पुरुषच आधी धरला जायचा. बाई बापाच्या नोंदीतून नवऱ्याच्या नोंदीत जायची. २००५ साली तिथल्या घटना न्यायालयाने ती पद्धत घटनेशी विसंगत ठरवली आणि २००८ पासून ती गेली. स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत मात्र आजही तिथे ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या गटात सर्वांत मोठी आहे. तेव्हा बाबा, "तिकडच्या बायका पुढारलेल्या, म्हणून अशा मालिका निघतात," हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. मला तर उलटं दिसतं. तिथल्या नावाजलेल्या मालिका-लेखकांत बायका पुष्कळ आहेत, आणि जे घरात, कचेरीत मिळत नाही ते त्या कागदावर मागून घेतात. शिवाय गोष्ट साधारण सोळा भागांत संपवायची असते. नायिकेला बदलायला वाव मिळतो. आपल्याकडे मालिका चालली की तिला वर्षानुवर्षं त्याच स्वयंपाकघरात, त्याच सासूसमोर उभं ठेवावं लागतं, मग ती बिचारी सोसण्याखेरीज करणार काय?

आता तुझी साधी बाई. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स' आली. जेजू बेटावरच्या ए-सूनची जन्मापासून म्हातारपणापर्यंतची गोष्ट. तिची आई हेन्यो, म्हणजे प्राणवायूची नळकांडी न लावता समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले, कालवं काढणारी. वर आल्यावर या बायका श्वास सोडतात तेव्हा शीळ घातल्यासारखा आवाज येतो. त्यांच्या परंपरेला २०१६ साली युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली, पण मालिकेत ती आई एकोणतिसाव्या वर्षीच जाते. लहानगी ए-सून शाळेत कविता करते ती आईच्या समुद्रातल्या मालावरच: रोज उठून तेच, त्याचे पैसे मी देते, पण आईचा एक दिवस मला विकत द्या. ए-सूनला कवयित्री व्हायचं असतं, कॉलेजात जायचं असतं. होते काय, तर बाजारात कोबी विकणारी, मग कोळ्याची बायको, तीन मुलांची आई. पुढे गावच्या मच्छीमार संस्थेची प्रमुख म्हणून निवडून येते ती बऱ्याच उशिरा.

यातला एक प्रसंग बाबांनी बघावा म्हणून लिहिते. सासरी पुरुषांचं ताट वेगळं, बायका बाजूला दुसऱ्या चौरंगाशी उरलंसुरलं खातायत. नवरा, ग्वान-सिक, पुरुषांत बसलाय. बोलत काही नाही. बसल्या जागी नुसता वळतो, वडीलधाऱ्यांकडे पाठ आणि बायकोकडे तोंड करतो, आणि तिच्या चौरंगावर जेवायला लागतो. घरातल्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आपल्या गावच्या घरी पंगतीत आई आणि काकू शेवटी, गार भात घेऊन बसायच्या, तेव्हा वळायचं कोणालाच सुचलं नव्हतं. टोमणा नाही हो बाबा, पण बघा.

तरी दोष सांगते. ग्वान-सिक फार म्हणजे फारच चांगला आहे. त्याच्याबरोबर अख्ख्या आयुष्यात एकदाही कडाक्याचं भांडण होऊ नये हे काही खरं वाटत नाही. आणि शेवटचे भाग रुमाल घेऊनच बसावं लागतं, तिथे तुमची "नुसतं रडणं" ही तक्रार मान्य. पण आयू नावाची गायिका-नटी तरुण ए-सून आणि तिची लेक अशी दोन्ही कामं करते. आई आणि मुलगी दोघींना एकच चेहरा दिलाय म्हणून लेक आईवर खेकसते ते बघताना मला अपराधी वाटायला लागलं. याहून जास्त आत्ता लिहीत नाही.

बाबा, तुमच्यासाठी खास काढून ठेवलीय ती 'जंग-न्यॉन: द स्टार इज बॉर्न', २०२४ ची, बाराच भाग. तुम्ही बालगंधर्वांच्या रेकॉर्डी लावून बसता ना? मग ऐका. कोरियात १९५०च्या दशकात संगीत नाटकांचा एक प्रकार फार जोरात होता, त्यात सगळ्या भूमिका बायकाच करायच्या. राजपुत्र बाई, सेनापती बाई, खलनायकही बाई. आपल्याकडच्या बरोब्बर उलट. आणि राजपुत्र करणाऱ्या बाईवर प्रेक्षकांतल्या पोरी जीव ओवाळून टाकायच्या, जशा इकडे बायका बालगंधर्वांच्या शालूची नक्कल करायच्या. मोक्पो नावाच्या बंदरावरची मासळी विकणारी पोर अशा कंपनीत शिरते. तिचं गाणं पान्सोरीचं आहे: एक गाणारी, एक ढोल वाजवणारा, आणि तासन्‌तास गोष्ट. मधे श्रोत्यांनी दाद दिली नाही तर ती मैफल अपुरी मानतात, हे तुम्हाला पटेल. किम ते-रीने त्यासाठी बरीच आधीपासून तालीम घेतली होती. सूर लागावा म्हणून रात्रंदिवस ताणून ताणून पोरगी गळा फोडून घेते, आणि गावी परतल्यावर आई, जी एकेकाळी नावाजलेली गायिका होती आणि जिचा स्वतःचा गळा असाच गेला होता, ती समुद्रावर पहाटे तिच्यासाठी गाते. ही आई म्हणजे मून सो-री, टँजरीन्समधली पिकल्या केसांची ए-सूनही तीच. बाबा, सगळे सारखे दिसतात म्हणालात ना, हिला दोन्हीकडे ओळखून दाखवा.

'एक्स्ट्रॉर्डिनरी अटर्नी वू' मालिकेतल्या वकीलबाई वूबद्दल आई तू विचारलंस, "ती पोर खरंच असते का अशी?" ऑटिझम असलेल्या सगळ्याच माणसांची स्मरणशक्ती अशी अफाट नसते, आणि मालिकेतही तिसऱ्या भागात ऑटिझम असलेल्या दुसऱ्या मुलाची केस घालून ते दाखवलंय. तुला त्यातली तिची बरोबरीची मैत्रीण आवडली, मलाही. जेवणाच्या टेबलावर वू तिला तिचे गुण मोजून दाखवते: वर्ग कुठे भरणार ते तू सांगायचीस, परीक्षेला काय येणार ते सांगायचीस, माझ्याच्याने बाटलीचं झाकण उघडत नाही तर उघडून देतेस. सगळ्या मालिकेत मला मोठं वाटलं ते एवढंच. कोर्टातले युक्तिवाद झाले-गेले. ही मालिका एका छोट्या वाहिनीवर ०.९ टक्के प्रेक्षकांपासून सुरू होऊन १७.५ टक्क्यांवर संपली, ती बरीचशी तोंडी कौतुकावर.

पुढच्या महिन्यात येते तेव्हा टीव्हीवर या सगळ्या मालिका यादीला लावून देईन. तोवर पडद्याखालच्या भाषांतराच्या पाट्या वाचायचा कंटाळा आला तर आधी हिंदी आवाज आहे का ते बघा, रिमोटवर भाषेचं बटण आहे. बाबांचा चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचा राहिलाय, तोही या आठवड्यात उरकून घ्या, म्हणजे पाट्यांवरून माझ्यावर चिडायला नको. आई, माझा निळा ब्लाउज बाहीत सैल करायचाय, तो तसाच ठेव, घाई नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. 'द ग्लोरी' नावाची एक तुला सुचवली जाईल, शाळेत छळ झालेल्या मुलीने मोठेपणी घेतलेला सूड आहे. चांगली आहे, पण पहिल्याच भागात गरम इस्त्रीसारख्या यंत्राने चटके देतात. रात्री लावू नका, आणि बाबांचं बीपी बघून लावा.