बेसवाल्या ताईस

प्रिय ताई,

हे पत्र आम्ही सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय. बेस गिटार वाजवण्याबद्दल आणि बँडबद्दल तू जे शिकवलंस ते आमच्या चौघींच्या बँडपुरतं ठेवणं बरं वाटत नाही. ठाण्यापासून नेरूळपर्यंत कितीतरी मुली गच्चीवर, सोसायटीच्या हॉलमध्ये, तासाच्या भाड्याने घेतलेल्या खोलीत वाजवतात. त्यांच्याही हे कामाला यावं.

पहिले आभार काळी चारचे, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून गाण्याचे. रॉकची बहुतेक गाणी पुरुषाच्या गळ्याला आणि गिटारच्या मोकळ्या तारांना सोयीची अशा पट्टीत बांधलेली असतात. मुली तीच पट्टी धरतात, मग वरच्या सुरांना आवाज चिरतो आणि खालचे सूर ऐकूच येत नाहीत. ‘गळा वाद्याला लावू नका, वाद्य गळ्याला लावा,’ हे तुझं वाक्य. ते कसं करायचं हेही तू हातात बेस देऊन दाखवलंस. बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी. काळी चारमध्ये गायचं तर यातली एकही मोकळी तार षड्जाला येत नाही, पंचमालाही नाही. चारही तारा अर्ध्या सुराने उतरवल्या की सगळ्यात जाड तार पंचमावर येते आणि शेजारची षड्जावर. म्हणजे अर्धा तंबोराच. डावा हात पट्टीवर नसला तरी सा आणि प वाजत राहतात, गाणारीला टेकायला जागा मिळते.

पण तारा उतरवल्या की सैल पडतात, पडद्यांवर फडफडतात. त्यासाठी 45-105 चा संच काढून 50-110 चा (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजारांशात) घालायचा, आणि तोही एकेक तार बदलत. चारही एकदम काढल्या तर बेसच्या मानेवरचा ताण एकाएकी जातो. जाड तार नटाच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या, खाचेत अडकते. खुंटी पिळताना बराच वेळ काही होत नाही, मग ‘टिंग’ करून तार एकदम उडी मारते आणि सूर पुढे निघून जातो. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासायचं, तेवढ्याने बहुतेक वेळा भागतं. मग एक दिवस बेस तसाच ठेवायचा आणि मान तपासायची: जाड तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची, सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यामधली फट बघायची. साधारण 0.3 मिलिमीटर, जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असेल तर मानेच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा आवळायची, त्याहून अधिक नाही. पुन्हा एक दिवस थांबायचं. जुलैत खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत लाकूड हलतंच, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा हे करायचं.

तुझ्या वाजवण्यात कोण कोण आहे, हे तू कधी लपवलं नाहीस. व्हेल्वेट अंडरग्राउंड या अमेरिकी रॉक बँडची ड्रमर मो टकर बास ड्रम आडवा ठेवून उभ्याने वाजवायची. टॉकिंग हेड्सच्या टीना वेमथने बँडला गरज पडली म्हणून बेस हातात घेतला. या दोघींची नावं तू घेतेस, आणि त्याच दमात आजीच्या जात्यावरच्या ओवीचं. ओवी साडेतीन चरणांची, शेवटचा चरण आखूड. तुझी बेसलाइनही तशीच चालते: तीन आवर्तनं भरलेली, चौथ्यात दोन मात्रा वाजवून हात तारांवर ठेवून गप्प. त्या रिकाम्या दोन मात्रांत शब्द ऐकू येतो. आमच्याकडे आता प्रत्येक नव्या गाण्याला आधी विचारलं जातं, अर्धा चरण कुठे सोडायचा?

वाजवता वाजवता गायचं कसं, याच्या तुझ्या पायऱ्या सांगतो म्हणजे इतरांनाही मिळतील. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 60 वर. आधी बेसलाइन अशी पक्की करायची की वाजवताना शेजारणीशी बोलता यावं. मग गाण्याचे शब्द नुसते बोलायचे. मग सगळे शब्द एकाच सुरावर, षड्जावर. चाल सगळ्यात शेवटी. ज्या अक्षरावर बोट आणि जीभ एकमेकींत अडकतात तेवढाच तुकडा वीस वेळा. माइक थोडा डाव्या हाताच्या बाजूला लावायचा, म्हणजे पडद्यांकडे बघायला मान वळली तरी तोंड माइकसमोरच राहतं. आणि माइकची जाळी मुठीत धरायची नाही. मुठीने मागच्या फटी बुजतात, माइक सगळीकडचं ऐकू लागतो आणि शिटी सुरू होते. साध्या कार्डिऑइड माइकला (समोरचं ऐकणारा, पाठीमागचं जवळजवळ न ऐकणारा) मॉनिटर, म्हणजे गाणारीकडे तोंड केलेला स्पीकर, बरोबर पाठीमागे.

आता स्पीकरमधून येणारी घुंईऽऽ. यासाठी तुझे किती आभार मानावेत! बेसमधून आवाज येतोय की विजेतून, हे ओळखायची तुझी पद्धत दोन मिनिटांची आहे. बेस हातात घेऊन जागेवरच गोल फिरायचं. तोंड एका दिशेला असताना झर्रझर्र कमी होते? मग ते पिकअपने (तारांखालचं चुंबक-वेटोळं) ओढलेलं, जवळचा ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूबलाइट बघा. फिरून काही फरक नाही, आवाज खोल आणि सलग आहे? मग दोन वेगवेगळ्या सॉकेटची अर्थिंग केबलच्या जाळीतून एकमेकींना जोडली गेली आहे. स्टेजवरचं सगळं एकाच ठिकाणच्या बोर्डावर घ्यायचं, तरी राहिलं तर डीआय बॉक्सचं (बेस मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्ट बटण, जे केबलमधली ती अर्थची जोडणी तोडतं. प्लगची अर्थची पिन मात्र कधीही काढायची नाही. बरेच जण काढतात, आवाज जातोही. पण पुढे कधी अॅम्पमध्ये बिघाड झाला तर हात तारांवर, ओठ माइकला, आणि करंट अंगातून. हे सांगताना तू आवाज चढवला होतास, तेवढा एकदाच.

तसंच स्पीकर कॅबिनेटचं. 8 ओहमची दोन समांतर जोडली की 4 ओहम होतात. अॅम्पच्या पाठीमागे 4 ओहमच किमान लिहिलेलं असेल तर तिसरं जोडायचं नाही. स्पीकरला गिटारची केबल नाही, स्पीकरचीच.

कार्यक्रमाच्या तिकिटाबद्दलही लिहायलाच हवं. ‘ओळखीचेच तर येणार’ म्हणून सगळे फुकट ठेवतात, तू पन्नास रुपये का होईना लावायला लावलेस आणि हिराबाई बडोदेकरांचं नाव घेतलंस: गाणाऱ्या बाईकडे समाज ज्या नजरेने बघायचा त्या काळात तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या सुरुवातीच्या गायिकांपैकी एक. गल्ल्यावरून पैसे कोणी किती घ्यायचे ते वाजवण्याआधी कागदावर. गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, तेही त्याच कागदावर, सह्यांसकट. कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखला, पण मुळात ते कोण हे लिहिलेलंच नसेल तर भांडण घरातच.

तुझा डीआय बॉक्स शनिवारी ठाणे स्टेशनवर आणून देतो. 9 व्होल्टची बॅटरी काढून वेगळ्या पुडीत ठेवली आहे, आत राहून गळायला नको. मिक्सरकडून माइकच्या केबलमधून 48 व्होल्ट मिळत असतील तर ती लागणारही नाही, पण जिथे जाशील तिथला मिक्सर कसा असेल सांगता येत नाही, म्हणून नवीन घेऊन ठेवली.

तुझ्या,
ऐरोली-नेरूळच्या चौघी