शनिवारी मी ऑफिसात नसते

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी बाबा, तुम्ही भिंग घेऊन बसू नका. आई वाचून दाखवेल. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं, बरं, ठेव आता, बिल वाढेल" म्हणता (हल्ली तसं बिल वाढत नाही हे सांगून मी थकले) आणि फोन आईकडे देता. आई "आवाज का बसलाय" इथून सुरू करते आणि माझं सांगायचं राहतं ते राहतंच.

म्हणून आधीच सांगून टाकते. गेले पाच महिने शनिवारी रात्री मला ऑफिसचं काम नव्हतं. एकाही शनिवारी नव्हतं. दर शनिवारचा नऊचा फोन रविवार सकाळवर गेला, तेव्हा मी "क्लोजिंग चाललंय" असं कारण दिलं होतं. बाबा, तुम्ही विचारलंही होतं, "क्लोजिंग वर्षातून किती वेळा असतं गं?" तेव्हाच ओळखलं होतंत ना?

शनिवारी आम्ही सहाजण एका मैत्रिणीच्या घरी बसून भिंतीवर सिनेमा बघतो आणि मग मध्यरात्र उलटेपर्यंत त्यावर वाद घालतो. बस, एवढंच. यात लपवण्यासारखं काय होतं, असं आई म्हणेल. काहीच नव्हतं. पण "तुमच्याशी बोलायच्या वेळेला मी आता सिनेमा बघणार" हे वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. "ऑफिस" म्हणणं सोपं गेलं. एकदा म्हटलं आणि मग म्हणतच गेले.

तेही खपून गेलं असतं. पण मग तो शनिवार आला.

मैत्रिणीच्या टीव्हीखाली एक ड्रॉवर आहे. सिनेमा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचे फोन आवाज बंद करून त्यात जातात. नियम माझाच. त्या रात्री साडेअकराला ड्रॉवर उघडला तर माझ्या फोनवर सात मिसकॉल, सातही आईचे. पहिला 9:10 चा, शेवटचा 9:45 चा. त्या पस्तीस मिनिटांत बाबा खुर्चीतून उठताना भोवळ येऊन पडता पडता वाचले, आईने शेजारच्या काकांना हाक मारली, काकांनी डॉक्टरांना आणलं, प्रेशरची गोळी दोनदा घेतली गेल्याचं उघड झालं, पाय उंच ठेवून बाबांना निजवलं. आणि मी तिकडे 1939 साली पडलेला एक फ्रेंच सिनेमा बघत होते.

मी फोन केला तेव्हा आई, तू म्हणालीस, "काही नाही गं, आता घोरतायत." आणि मी म्हणाले, "मीटिंगमध्ये होते." रात्री साडेअकराला! त्या दिवशीसुद्धा मला खरं बोलता आलं नाही. तीन आठवडे ते मनात सलतंय, म्हणून हे पत्र.

आता तुम्हाला वाटत असेल, ही पुढे लिहिणार की सोडला तो नाद. नाही सोडला. सोडणारही नाही. हे जरा मऊ करून लिहायचा प्रयत्न केला आणि तीन कागद फाडले. ड्रॉवरचा नियम मात्र मोडला. माझा फोन आता मांडीवर असतो, आवाज मोठा ठेवून, आणि तुमच्या दोघांच्या नंबरला वेगळी रिंग लावली आहे. वाजला की सिनेमा थांबवायचा, हे सगळ्यांना मान्य आहे. मी कारण सांगितलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही. पुढच्या शनिवारी बघते तर आणखी तिघांचे फोन बाहेर. ड्रॉवरात आता दोनच फोन जातात.

आणि आई, तुला जे विचारायचं असेल त्याची उत्तरं इथेच देते. सगळे घरदार असलेले, चाळिशी ओलांडलेले लोक आहेत. घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, परतताना आम्ही तिघी बरोबर असतो. जागरण आठवड्यातून एकदाच, रविवारी उशिरापर्यंत झोपते. डोळ्यांना त्रास होत नाही. स्वेटर नेते.

आम्ही चालू सिनेमे बघत नाही. आपल्या काळात पडलेला, कापलेला, डब्यात गेलेला किंवा नुसताच विसरला गेलेला सिनेमा हवा. ज्याची पाळी त्याने निवडायचा आणि त्यानेच सगळ्यात शेवटी बोलायचं, म्हणजे भक्तिभावाने प्रवचन सुरू होत नाही. आधी कुणी काही वाचून यायचं नाही. सगळेच हिरे निघतात असं नाही हं. काही सिनेमे लोकांनी विसरले ते बरंच केलं. एकदा पावणेतीन तासांचा एक शहाणा सिनेमा संपल्यावर निवडणाऱ्याने स्वतःच हात जोडून माफी मागितली.

पण बाबा, तो फ्रेंच सिनेमा तुम्हाला आवडेल. ज्याँ रन्वारचा 'खेळाचे नियम'. पॅरिसला लागला तेव्हा प्रेक्षक चिडून ओरडले. रन्वारने तो कापून कापून लहान केला, तरी चालला नाही, वर त्याच वर्षी सरकारने बंदी घातली. 1942 मध्ये बॉम्बफेकीत मूळ निगेटिव्ह गेली. संपलाच होता म्हणा ना. पण पुढे काही वेड्या माणसांनी उरलेल्या रिळांचे डबे धुंडाळून, तुकड्याला तुकडा जोडून 1959 मध्ये तो जवळजवळ पुरा उभा केला. रन्वारच्या हिशेबाने एकच छोटा प्रसंग तेवढा कमी राहिला. तेव्हा तो हयात होता, स्वतः बघू शकला. डेन्मार्कचा दिग्दर्शक ड्रायर, त्याच्या नशिबी तेही नव्हतं. त्याच्या जोन ऑफ आर्कवरच्या 1928 च्या सिनेमाची मूळ निगेटिव्ह आगीत गेली. त्याने न वापरता बाजूला ठेवलेल्या चित्रीकरणातून दुसरी आवृत्ती जुळवली. 1968 मध्ये तो वारला आणि 1981 मध्ये पहिल्या आवृत्तीची प्रिंट सापडली. कुठे, तर ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात! हे ऐकल्यावर आमच्यातल्या एकीने घरी जाऊन सगळी कपाटं उपसली. तिला वडिलांचा एक स्कार्फ सापडला.

आणि आई, तू ज्याच्या गाण्यांना अजून डोळे पुसतेस तो 'कागज़ के फूल' 1959 मध्ये साफ पडला होता. त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून एकाही सिनेमावर नाव लावलं नाही. तेव्हा "चालला नाही म्हणजे चांगला नसणार" हे आत्याचं म्हणणं ती पुन्हा आली की खोडून काढ. माझं नाव सांग.

आता मुख्य गोष्ट. मागच्या महिन्यात माझी पाळी होती. मी ऋत्विक घटकांचा बंगाली 'अजांत्रिक' निवडला, 1958 चा.

आठवतो ना? रविवारी दुपारी दूरदर्शनवर दुसऱ्या भाषांतले सिनेमे लागायचे. मधली खोली, खिडकीला चादर, तुम्ही खुर्चीत, आई पलंगावर, मी तुमच्या पायाशी. खालच्या इंग्रजी ओळी आईला वाचता यायच्या नाहीत म्हणून तुम्ही त्या मराठीत सांगायचात. मला तर कितीतरी वर्षं वाटत होतं की सिनेमातली माणसं तुमच्याच आवाजात बोलतात.

त्यातला टॅक्सीवाला बिमल, त्याची ती मोडकळलेली गाडी जगद्दल, लोक हसतात आणि हा तिच्याशी बायकोशी बोलावं तसं बोलतो. शेवटी ती भंगारात जाते. बिमल रडत उभा असतो आणि मागून हॉर्न वाजतो. वळून बघतो, तर एक लहान पोर त्या गाडीचा उरलेला हॉर्न दाबत बसलंय. तिथे तुम्ही म्हणाला होतात, "तो म्हणतोय, आवाज ठेवून गेली." आई रडली होती. मीही, कशासाठी ते न कळता.

हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. कॉलेजात एका निबंधातही लिहिलं. त्या रात्री पाचहीजणांना आधीच बजावलं होतं की शेवटचं वाक्य चुकवू नका.

पोराने हॉर्न दाबला. बिमल वळला. मी भिंतीच्या तळाकडे बघत राहिले, ओळ येईल म्हणून. आलीच नाही. बिमल काही बोलतच नाही हो, बाबा! रडता रडता हसतो, बस.

दिवा लागला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मला आधी लाज वाटली, मग हसू फुटलं आणि मग ते थांबेचना. किती वाक्यं तुमच्या पदरची होती? शाळेतल्या त्या मुलाच्या सिनेमात मास्तर "तुझी वही मी जपून ठेवीन" म्हणतात, तेही तुमचंच का? मला राग आलेला नाही. पण उत्तर हवंय.

आमच्यात एकजण आहे, हिशेबाचं काम करतो, आठवडाभराने इतका दमलेला असतो की दहाव्या मिनिटाला मान टाकतो. त्या दिवशीही टाकली होती. बोलायची पाळी आली तर म्हणाला, "गाडीत पाणी ओततात तेव्हा ती घटाघटा पिते, ऐकलंत का?" कुणी ऐकलं नव्हतं. परत लावून पाहिलं, तर खरंच, तहानलेलं माणूस पितं तसा आवाज. आम्ही पाचहीजण डोळे फाडून बघत होतो आणि ऐकलं ते डोळे मिटलेल्याने. एकट्याने बघितला असता तर हे मला जन्मात कळलं नसतं. तुमच्या वाक्याचंही कळलं नसतं. एकटीने बघितलं असतं तर मनातल्या मनात ते वाक्य मीच ऐकलं असतं आणि पुढे गेले असते.

म्हणून शनिवार सोडवत नाही. तुम्हाला समजेल. नाही समजलं तर आई समजावेल.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे रागवायचं नाही. आईने सांगितलं की तुम्ही हल्ली सिनेमा लावतच नाही. "कंटाळा येतो" म्हणता. कंटाळा नाही, ओळी दिसत नाहीत. टीव्हीचा उजेड वाढवत वाढवत शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलाय, ते मी मागच्या खेपेस पाहिलं. मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे दिवस गेले. मी डॉक्टरांशी बोलून पुढच्या महिन्याच्या 14 तारखेचं नक्की केलं आहे. विचारायला हवं होतं, कबूल. विचारलं असतं तर तुम्ही "उन्हाळा जाऊ दे" म्हणाला असतात, आणि उन्हाळा गेल्यावर पाऊस.

घाबरण्यासारखं काही नाही. थेंब घालून डोळा बधिर करतात, टोचत नाही. साधारण अर्ध्या तासाच्या आत आटपतं आणि त्याच दिवशी घरी. तुमच्याच पलंगावर, तुमच्याच चपट्या उशीवर झोपायचं, रेडिओ उजव्या हाताला राहील. काही दिवस वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही. थेंबांचं वेळापत्रक मी भिंतीवर लावीन. मी दहा दिवस येतेय. मधला शनिवार तिकडेच, आणि त्यासाठी कुणाशी खोटं बोलावं लागलेलं नाही.

तोवर:

गोळ्यांचा वारांच्या खणांचा डबा पाठवला आहे. खण रिकामा म्हणजे गोळी झाली. आठवत नसेल तर पुन्हा घ्यायची नाही, खण बघायचा. उठताना आधी पलंगाच्या कडेला बसून तीस आकडे मोजायचे, मनात नाही, मोठ्याने. रात्री बाथरूमचा दिवा चालू राहू दे, विजेची काळजी करू नका. आणि ते निळं स्टूल आजच्या आज काढून टाका. माझं नाव कोरलंय म्हणून ठेवलंय हे मला माहीत आहे. तरी काढा. बरं, काढू नका, माळ्यावर ठेवा. पण माळ्यावर काका ठेवतील, तुम्ही नाही.

आई, तू दिवसभर त्यांच्या मागे असतेस आणि स्वतःच्या गुडघ्याचं मात्र कुणाला सांगत नाहीस. आले की तुझाही नंबर लावणार आहे. आत्ताच सांगून ठेवते.

येताना घटकांचा 'नागरिक' घेऊन येईन. 1952 मध्ये पुरा झालेला त्यांचा पहिलाच सिनेमा, लागला तो 1977 मध्ये. घटक 1976 मध्येच गेले होते. नोकरी शोधत फिरणाऱ्या एका तरुणाचा आहे. पट्टी निघाली की मधल्या खोलीत चादर लावून बघू, थांबत थांबत, डोळ्याला ताण न देता. या वेळी ओळी मी वाचीन. जिथे ओळ नसेल तिथे तुम्ही बोला.

सांभाळून राहा. रविवारी नऊला फोन करते.

तुमची,
ठकी

ता. क. आई, वाचून दाखवताना गोळ्यांचा आणि ऑपरेशनचा भाग गाळू नकोस. आणि मी लिहिलेलं नाही असं काही पदरचं घालू नकोस. ते काम घरात एकाकडेच राहू दे.